यंत्राचा ताप आणि घरचा निवाडा

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कशानें बिघडली हें शोधण्याच्या आधीं ती कोणीं बिघडविली हें ठरविण्याची घाई बहुतेक कुटुंबांत होत असते. मिक्सर बंद पडला कीं काल चटणी कोणीं वाटली याची चौकशी सुरू होते. पाण्याची मोटर जळली कीं बटण कोणीं चालूं ठेवलें हा प्रश्न निघतो. माणूस सांपडला म्हणजे कारण सांपडलें, अशी आपली समजूत असते, आणि एकदां माणूस सांपडल्यावर कारण शोधण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. अशा घाईनें वस्तु तर दुरुस्त होत नाहींच. घरांतील एखादें माणूस मात्र मनानें दुरावतें. गेल्या चैत्र-वैशाखांत आमच्या घरीं कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावरून असाच एक खटला उभा राहिला होता. त्याची हकीकत आणि त्या निमित्तानें त्या यंत्राविषयीं जें समजून घेतलें तें इतर कुटुंबांसहि उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें येथें मांडीत आहों.

आमची नात आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. इमारतीचा आराखडा काढून तिचें काम संपत नाहीं. ती इमारत सकाळच्या उन्हांत कशी दिसेल, जिन्यावर सावली कोठें पडेल, ओसरीच्या फरशीवर खिडकीचें प्रतिबिंब कसें उमटेल, हें सारें ब्लेंडर नांवाच्या प्रणालीच्या साहाय्यानें चित्ररूपानें तयार करून दाखवावें लागतें. यास तीं मुलें ‘रेंडर करणें’ म्हणतात. एकेका चित्रास दहा मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ग्राफिक्स कार्ड पूर्ण शक्तीनें राबत असतें. काम आटोपल्यावर रात्रीं तासभर ती त्याच यंत्रावर खेळहि खेळते. ही गोष्ट तिनें कधीं लपवून ठेवली नाहीं.

गुढीपाडव्याच्या सुमारास यंत्राचे पंखे घोंघावूं लागले. जें चित्र पूर्वीं वीस मिनिटांत होत असे त्यास तीस-पस्तीस मिनिटें लागूं लागलीं, आणि दोन वेळां तर काम चाललें असतांच पडदा काळा होऊन यंत्र बंद पडलें. आमच्या चिरंजीवांनीं निकाल दिला : ‘खेळून खेळून कार्ड जाळलें आहे.’ एका दुकानदारानें यंत्र न उघडतांच नवें कार्ड घ्यावें लागेल असें सांगून पंचवीस-तीस हजारांचा आंकडा ऐकविला. तेव्हां असें ठरलें कीं, जुनें कार्ड काढून येईल त्या किंमतीस विकावें, नवें आणूं नये, आणि मुलीनें काय करावयाचें तें कॉलेजांतील यंत्रावर करावें. वार्षिक काम दाखल करण्यास पांच आठवडे उरले होते आणि कॉलेजची प्रयोगशाळा सायंकाळीं सहास बंद होत असे. मुलगी कांहींच बोलली नाहीं. ती जेवणाच्या वेळीं पानावर यावयाची, खालीं मान घालून जेवावयाची आणि उठून जावयाची. तिच्या त्या मौनापेक्षां तिनें दोन शब्द भांडून घेतले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

आम्हीं चिरंजीवांजवळ आठ दिवसांची मुदत मागितली. ते म्हणाले, ‘अण्णा, तुम्हांला यांतलें काय कळणार?’ आम्हीं म्हटलें, ‘यंत्रांतलें फारसें कळणार नाहीं, पण पुराव्यांतलें थोडेंफार कळतें. आठ दिवसांनीं कार्ड विकलेंस तरी किंमत कांहीं उतरणार नाहीं.’ मुदत मिळाली.

हें कार्ड करतें तरी काय, तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. नेहमींच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर ते २०,७३,६०० भरतात. पडद्यावरील चित्र सेकंदास साठ वेळां बदलतें, म्हणजे दर सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. आणि प्रत्येक ठिपक्यासाठीं प्रकाश कोठून आला, कशावर पडला, तेथून किती परतला, याचा हिशेब निराळा. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या व्युत्पन्न शास्त्र्यासारखा असतो. तो अवघड प्रश्न एकामागून एक सोडवितो. येथें प्रश्न अवघड नसतात, सोपेच असतात, पण असतात कोट्यवधि. त्यांस एकटा शास्त्री पुरा पडत नाहीं. पाढे पाठ असलेल्या मुलांचा भला मोठा वर्ग हवा, कीं ज्यांतील प्रत्येकानें आपापलें एक उदाहरण एकाच वेळीं सोडवावें. ग्राफिक्स कार्ड हा तो वर्ग होय. आमच्या घरच्या कार्डांत असे ३,५८४ छोटे गणक आहेत. ज्यानें उभा जन्म वर्ग सांभाळण्यांत घालविला त्यास निराळें सांगावें लागत नाहीं कीं, इतकीं मुलें एका खोलींत एकदम कामास लागलीं म्हणजे खोली तापणारच.

या तापाचें मान काय, तेंहि पाहूं. वीज वाहूं लागली कीं उष्णता उत्पन्न होते. तिचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास बसवून दिला. आमच्या कार्डाच्या माहितीपत्रकांत १७० वॅट हा आंकडा आहे. या १७० वॅटपैकीं जवळजवळ सारी शक्ति अखेर उष्णतेच्या रूपानें खोलींत येते; पडद्यावर चित्र उमटलें म्हणून ती कोठें नाहींशी होत नाहीं. सहा तास असें काम चाललें तर विजेच्या बिलांत एक युनिट पडतें, आणि तें सबंध युनिट उष्णता होऊन घरांतच राहतें. जुन्या तारेच्या शंभर वॅटच्या दिव्याला ज्यांनीं चुकून हात लावला असेल, त्यांस याची कल्पना सहज येईल. त्यांतून ही उष्णता जेथें उत्पन्न होते ती चिप केवळ २७६ चौरस मिलिमीटरची, म्हणजे टपालाच्या लहानशा तिकिटापेक्षांहि लहान. हजार वॅटची इस्त्री घेतली तर तिची उष्णता सुमारें दोनशे चौरस सेंटिमीटरांच्या तळावर पसरलेली असते. येथें पावणेतीन चौरस सेंटिमीटरांवर शंभराहून अधिक वॅट एकवटलेले असतात. दर चौरस सेंटिमीटराचा हिशेब केला तर तो इस्त्रीच्या सात-आठ पट तरी भरतो. कार्डांची ही भूक उत्तरोत्तर वाढतच चालली आहे. २०१६ सालीं निघालेल्या जीफोर्स जीटीएक्स १०८० या त्या काळच्या श्रेष्ठ कार्डास १८० वॅट लागत. २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० ला ४५०, आणि २०२५ सालच्या आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅट लागतात. तेव्हां कार्ड तापलें एवढ्यावरून कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. राबणारें कार्ड तापावयाचेंच. पाहावयाचें तें एवढेंच कीं, तो ताप बाहेर पडतो कीं कोठें कोंडून राहतो.

उष्णतेस बाहेर जाण्याची वाट कार्डांतच करून दिलेली असते. चिपवर तांब्याचें बूड बसविलेलें असतें. वरून दोन्ही पृष्ठें आरशासारखीं सपाट दिसलीं तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा असते. उष्णता वाहून नेण्याची तांब्याची योग्यता सुमारें ४०० मानली तर ॲल्युमिनियमची २३७ आणि हवेची अवघी ०.०२६ भरते, म्हणजे तांब्याच्या तुलनेनें हवा ही उष्णतेला जवळजवळ भिंतच. त्या पोकळ्या बुजविण्यासाठीं मध्यें थर्मल पेस्ट नांवाचा करड्या रंगाचा लेप लावतात. तांब्याच्या बुडापासून तांब्याच्याच बंद नळ्या निघतात. त्यांत थोडेंसें पाणी असतें. तें गरम टोंकाशीं वाफ होऊन थंड टोंकाकडे जातें, तेथें निवून पुन्हां पाणी होतें आणि नळीच्या आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून परत येतें. समुद्राची वाफ, तिचे मेघ आणि मेघांचा पाऊस, हें जें चक्र आपण भूगोलांत शिकवितों तेंच येथें वीतभर नळींत चाललेलें असतें. अशी नळी १९६३ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं तयार करून दाखविली. नळ्यांची उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या रांगेस मिळते, पत्र्यांची पंख्याच्या वाऱ्यास, वाऱ्याची कॅबिनेटमधील हवेस, आणि कॅबिनेटच्या मागील जाळींतून ती खोलींत येते. या रांगेंतील एक जरी अडला तरी मागील सर्व अडतात. आणि एक मर्यादा कोणासहि ओलांडतां येत नाहीं : पंखा कितीहि जोरानें फिरला तरी तो कार्डास भोंवतालच्या हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं.

ताप ठरलेल्या मर्यादेजवळ पोंचला म्हणजे कार्ड आपण होऊन आपला वेग आंखडतें. वेग कमी झाला कीं वीज कमी लागते आणि ताप आटोक्यांत राहतो. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर तें काम थांबवून बंद पडतें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे चित्रास लागणारा वाढता वेळ आणि काळा पडलेला पडदा हीं कार्ड जळल्याचीं चिन्हें ठरत नाहींत. तें स्वतःचा बचाव करीत असल्याचीं ठरतात. यंत्र तासभर थंड होऊं दिलें म्हणजे पहिलीं कांहीं मिनिटें तें पूर्वींच्याच वेगानें चालत असे. जळलेलें कार्ड असें करीत नाहीं. फिर्यादींतील पहिलें कलम येथेंच ढिलें झालें.

राहिला खेळाचा आरोप. चिरंजीवांचें अनुमान असें होतें : जेथें खेळ तेथें ताप; या यंत्रावर खेळ होतो; म्हणून या तापास खेळ कारण. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हातीं घेतलेल्या विद्यार्थ्यासहि यांतील उणीव दिसावी. जेथें धूर तेथें अग्नि, हें नैयायिक मान्य करतात. पण जेथें अग्नि तेथें धूर, हें करीत नाहींत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो; धूर निघण्यास अग्नीच्या जोडीला ओलें सरपण लागतें. मध्यें लपून बसलेल्या या अटीस शास्त्रांत उपाधि म्हणतात. आमच्या घरीं हें ओलें सरपण कोणतें, तें हुडकून काढावयाचें होतें. त्याचा मार्ग अन्वय-व्यतिरेकाचा. एखादी गोष्ट असतांना काय होतें आणि ती काढून घेतल्यावर काय होतें, हें पाहावयाचें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर यश कोणत्या गोष्टीचें हें कळण्यास मार्ग उरत नाहीं.

मोजण्याचें साधन यंत्रांतच असतें. विंडोज १० मध्यें २०२० च्या मे महिन्यांतील सुधारणेपासून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या पानावर कार्डाचें तापमान दिसूं लागलें; अधिक तपशील हवा असेल तर जीपीयू-झेड ही प्रणाली फुकट मिळते. खोलींतील हवेसाठीं भिंतीवर साधा उष्णतामापक टांगला. नियम असा ठेवला कीं, रोज सकाळीं एकाच वेळीं, त्याच चित्रावर, वीस मिनिटें काम चालवावयाचें आणि शेवटचा आंकडा वहींत मांडावयाचा. आम्ही आंकडे वाचीत असूं आणि नात लिहून घेई. पहिले दोन दिवस ती आंकड्यांपलीकडे बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं ‘आजोबा, आज कपाटाचें दार उघडून बघायचं का?’ असें तिनेंच विचारलें.

हें कपाट आतां सांगितलें पाहिजे. दिवाणखान्यांत सागवानी लाकडाचें, पाठीमागून बंद आणि पुढें कांचेचें दार असलेलें एक कपाट आहे. यंत्रावर धूळ बसूं नये आणि तारांचें जंजाळ पाहुण्यांस दिसूं नये, म्हणून चिरंजीवांनीं दोन वर्षांपूर्वीं तें हौसेनें करवून घेतलें. कॅबिनेट त्यांतच असे.

वहींतील आंकडे असे. खोलींतील हवा त्या आठवड्यांत सकाळीं ३१ अंशांच्या आसपास राहिली. पहिल्या दिवशीं यंत्र कपाटांत, दार बंद, आणि काम रेंडरचें : ८७ अंश, आणि वेग आंखडलेला. दुसऱ्या दिवशीं सर्व तसेंच ठेवून केवळ खेळ : ८४ अंश. म्हणजे खेळ नसतांनाहि ताप होता, इतकेंच नव्हे तर अभ्यासाचा ताप खेळाहून तीन अंशांनीं अधिक होता. याचें कारणहि उघड आहे. तिचा खेळ पडद्याच्या मानानें सेकंदास साठ चित्रांवर थांबविलेला असतो, उलट रेंडर करतांना कार्डास क्षणाचीहि उसंत नसते. तिसऱ्या दिवशीं कपाटाचें दार उघडून रेंडर : ८३. चौथ्या दिवशीं कॅबिनेट कपाटांतून काढून, भिंतीपासून हातभर दूर, मेजावर : ७९. पांचव्या दिवशीं तेथेंच खेळ : ७५, आणि वेगांत कांहींहि उणीव नाहीं. खेळ तोच, खेळणारी तीच, कार्डहि तेंच. कपाट तेवढें गेलें आणि तापाचे नऊ अंश त्याबरोबर गेले. ओलें सरपण सांपडलें. बंद कपाटांत कार्डानें मागून सोडलेली गरम हवा फिरून पुढून त्याच्याच नाकांत जात होती. बाहेर खोलींत ३१ अंश असले तरी कपाटाच्या आंत कार्डाच्या वाट्यास येणारी हवा त्याहून पुष्कळच गरम होती.

तथापि मेजावरील ७९ हा आंकडाहि आमच्या मनास पटेना. सहाव्या दिवशीं कॅबिनेटची बाजूची झांकणी काढून पाहिलें. ही कसोटी फार उपयोगी आहे. झांकणी काढतांच ताप बराच उतरला तर कॅबिनेटमधील हवेची ये-जा अपुरी आहे असें समजावें. फारसा उतरला नाहीं तर अडथळा खुद्द कार्डावर आहे असें समजावें. आमच्याकडे ७९ चे ७७ झाले. दोनच अंशांचा फरक, म्हणजे दोष कार्डावरच. सातव्या दिवशीं कार्ड काढून पाहिलें तों पंख्याच्या पात्यांमागें, पत्र्यांच्या फटींत, धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला. ज्या कपाटानें धूळ रोखावी अशी अपेक्षा होती त्याच्या आंत दोन वर्षांत ही धूळ जमली होती. पंखे आहेत तेथें हवा ओढली जाणार, आणि हवेबरोबर धूळ येणारच. दारानें फार तर ती दिसेनाशी होते.

सफाईची रीत थोडक्यांत सांगतों. यंत्र बंद करून विजेची पिन काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. कार्डाच्या बाजूचे स्क्रू काढून, खांचेच्या टोंकाची कळ दाबून, मग कार्ड सरळ वर उचलावें. ओढाताण करूं नये. धूळ झाडण्यास मऊ कुंचला आणि हातांत धरावयाचा ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावींत; नाहीं तर पंखा भलत्याच वेगानें फिरून त्याचें बेअरिंग बिघडूं शकतें. घरचा व्हॅक्यूम क्लीनर थेट कार्डावर फिरवूं नये, त्याच्या नळीशीं स्थिर वीज उत्पन्न होते. ओला फडका तर जवळहि आणूं नये. हें सर्व नातीनें केलें. आम्हीं दिवा धरला.

झांकणी पुन्हां लावून, मेजावर, तेंच चित्र : ७१ अंश. आठव्या दिवशीं पडताळा पाहण्यासाठीं स्वच्छ केलेलें यंत्र पुन्हां कपाटांत ठेवून दार लावलें : ७९. म्हणजे धुळीचा दोष आठ अंशांचा आणि कपाटाचा दोष त्याहून निराळा, पुन्हां आठ अंशांचा. दोन्ही दोष स्वतंत्र असून एक काढल्यानें दुसरा जात नाहीं, हें यावरून सिद्ध झालें.

थर्मल पेस्ट बदलावी असा आग्रह पुष्कळ जण धरतात. आम्हीं ती बदलली नाहीं, आणि त्यास कारण आहे. जीपीयू-झेडमध्यें चिपचें सर्वसाधारण तापमान आणि तिच्यावरील सर्वांत तप्त बिंदूचें तापमान, असे दोन आंकडे दिसतात. त्यांत दहा-पंधरा अंशांचें अंतर असणें स्वाभाविक आहे. तें वाढत वाढत वीस-पंचवीसांच्या पुढें गेलें तर लेप वाळला किंवा सरकला असावा अशी शंका घ्यावी. आमच्याकडे अंतर बाराच होतें. पेस्ट बदलावयाची म्हणजे कार्ड पूर्ण खोलावें लागतें. आंत मेमरीच्या चिपांवर ठराविक जाडीच्या मऊ पट्ट्या असतात, त्या फाटल्या तर त्याच जाडीच्या आणाव्या लागतात. आणि हमीची मुदत चालूं असेल तर तिच्याविषयीं तंटा उभा राहूं शकतो. रोगाचें लक्षण नसतांना शस्त्रक्रिया करूं नये, हा वैद्यांचा नियम येथेंहि पाळावा.

एक उपाय मात्र सर्वांनीं करून पाहण्याजोगा आहे आणि त्यास पैसा लागत नाहीं. चिपला लागणारी शक्ति वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दाब दहा टक्के उतरविला तर त्याच वेगास शक्ति शंभराऐवजीं एक्याऐंशी लागते. कार्डें विकतांना शेवटचा थोडासा वेग दाखविण्यासाठीं दाब बराच चढविलेला असतो. आफ्टरबर्नर या प्रणालींत पॉवर लिमिट नांवाची एक सरकपट्टी असते. ती आम्हीं शंभरावरून ऐंशीवर आणली, म्हणजे १७० चे १३६ वॅट झाले. तापमान ७१ वरून ६६ वर उतरलें, आणि वीस मिनिटांच्या चित्रास एकवीस मिनिटें लागलीं. पंख्यांचा घोष जवळजवळ थांबला. पुढें वैशाखांत खोलींतील हवा ३७ अंशांवर गेली तेव्हां कार्ड ७२ वर गेलें. खोली सहा अंशांनीं तापली आणि कार्डहि सहाच अंशांनीं. बाहेरच्या हवेचा हा कर सर्वांसच द्यावा लागतो.

आठव्या दिवशीं रात्रीं ती वही चिरंजीवांच्या हातीं दिली. बरोबर कांहीं बोललों नाहीं. त्यांनीं पानें दोनदां उलटून पाहिलीं, दुसऱ्या आणि पांचव्या दिवसाच्या ओळींवर बोट ठेवलें, आणि इतकेंच म्हणाले, ‘म्हणजे माझं कपाट.’ आम्हीं म्हटलें, ‘कपाट आणि धूळ, दोन्ही.’ रविवारीं त्यांनीं स्वतःच पेंचकस घेऊन कपाटाचें कांचेचें दार बिजागऱ्यांसकट उतरविलें आणि कॅबिनेटसाठीं उघडें मेज आणलें. तारा आतां पाहुण्यांस दिसतात. त्या रात्रीं पानें वाढलेलीं असतां त्यांनीं मुलीस विचारलें, ‘तुझं चित्र आतां किती मिनिटांत होतं?’ ती म्हणाली, ‘एकवीस, बाबा.’ क्षमा मागणें आणि क्षमा करणें या दोन्ही गोष्टी आमच्यासारख्या घरांत अशाच रीतीनें होतात. त्यांहून अधिक शब्दांची अपेक्षा करूं नये. तिचें वार्षिक काम मुदतींत दाखल झालें.

एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. मुलीनें रात्रीं खेळावें कीं नाहीं, हा प्रश्न या सर्व आंकड्यांनीं सुटलेला नाहीं, आणि सुटावयाचाहि नव्हता. तिची झोप, तिचे डोळे आणि तिचा वेळ यांचा विचार करून बापानें तिच्याशीं बोलावें. तो त्यांचा अधिकार आहे, आणि पुढें ते बोललेहि. आमचा आक्षेप एवढाच होता कीं, जो खेळ मुळांत आपणांस पसंत नाहीं त्याच्या माथीं यंत्राचा बिघाड मारून त्याला शिक्षा देणें हा न्याय होत नाहीं. नापसंती असेल तर ती नापसंती म्हणूनच बोलून दाखवावी. मुलांस बोलण्याचें दुःख थोडें होतें. खोट्या आरोपाचें फार होतें, आणि त्या आरोपास आपल्याजवळ पुरावा नाहीं हें तीं आपल्याआधीं ओळखतात. शाळेंत कांच फुटली कीं नेहमींच्या द्वाड मुलास उभें करणारे शिक्षक आम्हीं पुष्कळ पाहिले. कांच कधीं त्यानें फोडलेली असे, कधीं नसे. पण ज्या दिवशीं नसे त्या दिवसापासून तो खरेपणानें वागण्याचें कांहीं कारण त्याच्यापाशीं उरत नसे.

हल्लीं घरोघरीं मुलांच्या अभ्यासाचें म्हणून असें एखादें यंत्र असतें आणि उन्हाळा दर वर्षीं येतो. तें तापूं लागलें तर प्रथम यंत्राच्या मागें हात धरून गरम वारा कोठें जातो तें पाहावें, पुढें हात धरून थंड वारा कोठून येतो तें पाहावें, आणि आठ दिवस आंकडे लिहून ठेवावे. बहुधा खर्च एका कुंचल्याचा येतो. बोट कोणाकडे दाखवावयाचेंच असेल तर तें वही पुरी झाल्यावर दाखवावें. आमचा अनुभव असा आहे कीं, तोंपर्यंत तशी इच्छा फारशी उरत नाहीं.